वाट कोण कोणाची पाहतं?

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वसईतल्या चर्चच्या हॉलमध्ये बैठक होती. विषय दरवर्षीचाच. गेटवरची रोषणाई कधी सुरू करायची आणि नाताळगीतांचा कार्यक्रम कधी ठेवायचा? आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. या दिवसांत फादरांची वस्त्रं जांभळी असतात, वेदीवर फुलं बेताची असतात, रविवारच्या मिस्सात ‘ग्लोरिया’ हे आनंदाचं स्तुतिगीत म्हणत नाहीत. एका गटाचं म्हणणं होतं की आत हे असं आणि बाहेर लखलखाट, हे शोभत नाही. नाताळ बाजाराने पळवलाच आहे, निदान चर्चने तरी 24 तारखेच्या रात्रीपर्यंत थांबावं. दुसरा गट म्हणाला, मुलांना आनंद हवा असतो, परगावची माणसं चार दिवसांसाठी येतात, जुने नियम किती काळ कवटाळून बसायचं? तासभर हेच चाललं. मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. माझाच जुना विद्यार्थी, आता अँब्युलन्सवर काम करतो. म्हणाला, “टीचर, हे वाट पाहणं मठातल्या लोकांना परवडतं. माझ्या कामात वाट पाहायला लावली की माणूस जातो.” कोणी काही बोललं नाही. तारखेवर हात वर झाले, बैठक संपली, आम्ही घरी आलो.

त्या तासाभरात खरा प्रश्न एकच विचारला गेला, आणि तो त्या मुलाने विचारला. बाकीचा वाद भलत्याच जागी चालला होता. दिवे आधी लावा म्हणणारे आणि नंतर लावा म्हणणारे, दोघांनीही एक गोष्ट धरूनच ठेवली होती: आपण इकडे बसलोय, तिकडून कोणीतरी यायचंय, आणि मधला काळ कसा काढायचा एवढंच ठरवायचंय. माझं म्हणणं असं की आगमनकाळाचा ज्याने सर्वांत खोल विचार केला, त्या एका संन्याशाने हे गृहीतकच उलटं केलं होतं. त्याच्या लेखी वाट पाहणारे मुख्यतः आपण नाही. आपली वाट पाहिली जाते आहे. एवढं एक ध्यानात घेतलं तर अँब्युलन्सवरच्या मुलाला द्यायचं उत्तर सापडतं. ते न घेता नुसता आगमनकाळ ‘वाचवायला’ निघालो, तर त्याचा आक्षेप खराच ठरतो.

आधी परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांशी थोडं. मी त्यांच्याच बाकावर बसते, म्हणून मोकळेपणाने सांगते: आगमनकाळ कधीच एकसारखा नव्हता. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेट्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे 11 नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास घालून दिले होते. मिलानच्या चर्चमध्ये आजही हा काळ सहा आठवड्यांचा आहे. आणि ज्या हिरव्या चक्रात आपण चार मेणबत्त्या लावतो, ते तर फारच अलीकडचं. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विखर्न नावाचे प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ गरिबांच्या मुलांसाठी आश्रमशाळा चालवत होते. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटवायची. म्हणजे आपल्या पवित्र चक्राचा जन्म मुलांच्या अधीरपणातून झाला. त्या अधीरपणाला मी नावं ठेवणार नाही. ज्या मुलांना घर नव्हतं, त्यांनी दिवस मोजले तर त्यात उथळ काय? तेव्हा ‘लोकांना आनंद हवा असतो’ असं म्हणणाऱ्यांच्या पदरात मी एवढं घालते: आगमनकाळाच्या इतिहासात त्यांचीही हक्काची जागा आहे.

पण मुलांचे दिवस मोजणं आणि बाजाराची उलटी मोजणी यांत फरक आहे. आमच्या घरी मी दरवर्षी चक्र करते. पहिल्या रविवारची मेणबत्ती चौथ्या रविवारी बोटभर उरलेली असते, चौथी नवीकोरी. चारही शेजारी जळत असतात आणि चारांची उंची वेगळी. गेलेला काळ समोर दिसतो, वितळून बशीत साचलेला दिसतो. बाजाराच्या मोजणीत गेलेल्या दिवसाची अशी काही खूण राहत नाही. तिथे फक्त ‘उरले इतके दिवस’.

आता त्या संन्याशाकडे. संत बर्नार्ड यांचा जन्म 1090 सालचा, फ्रान्समधल्या बर्गंडीत, दिजों शहराजवळच्या सरदार घराण्यात. विशी उलटल्यावर ते सीतो इथल्या मठात दाखल झाले ते एकटे नव्हे. भाऊ, नातेवाईक, मित्र असे तीसेक जण सोबत घेऊन. 1115 मध्ये त्यांना क्लेर्व्हो इथे नवा मठ उभारायला पाठवलं गेलं आणि 1153 मध्ये मरेपर्यंत ते तिथले मठाधिपती राहिले. त्यांचं जगणं संत बेनेडिक्टच्या नियमावलीवर चालायचं, आणि त्या नियमावलीत हिवाळा कसा काढायचा ते नेमकं लिहिलेलं आहे. 13 सप्टेंबरपासून ईस्टरआधीचा महाउपवास काळ सुरू होईपर्यंत दिवसातून एकच जेवण, तेही दुपार कलल्यावर. 1 नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंत रात्रीच्या आठव्या तासाला, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण दोनला, प्रार्थनेसाठी उठायचं. तेव्हा डिसेंबरमध्ये बर्नार्ड आगमनकाळाबद्दल बोलायला उभे राहायचे, तेव्हा ऐकणारे अर्धपोटी असायचे, अर्धवट झोपेतले असायचे, दगडी भिंतींच्या गारठ्यात बसलेले असायचे. अशा लोकांपुढे गोड गोड बोलून भागत नाही.

त्यांची आगमनकाळावरची सात प्रवचनं आज उपलब्ध आहेत. पहिल्या प्रवचनात ते एखाद्या हुशार पोरासारखे सहा प्रश्न विचारतात: येणारा कोण, कुठून येतो, कुठे येतो, कशासाठी, कधी आणि कोणत्या वाटेने. पाचव्यात मात्र ते जे म्हणतात त्याने मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकले होते. ख्रिस्ताची येणी दोन नाहीत, तीन आहेत, असं ते सांगतात. एक बेथलेहेममधलं, देहाने आणि दुबळेपणाने. एक युगाच्या शेवटचं, वैभवाने. आणि या दोन्हींच्या मधलं एक, जे दिसत नाही, जे माणसाच्या आत घडतं, रोज घडू शकतं. हे मधलं येणं म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नेणारा रस्ता आहे. आणि मग हे सगळं नुसतं हवेत राहू नये म्हणून ते थेट मठाच्या कोठारात शिरतात. देवाचा शब्द कसा सांभाळायचा? भाकर सांभाळता तसा. पेटीत ठेवलेली भाकर चोर नेईल, उंदीर कुरतडेल, नाहीतर पडून पडून बुरसेल. खाल्लीत तर यातलं कशाचं भय? लॅटिनमध्ये चोर आणि उंदीर हे शब्द ‘फूरे’ आणि ‘मूरे’ असे यमक जुळवून येतात. भुकेल्या संन्याशांना त्या यमकावर हसू आलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

ही उपमा साधी दिसते, पण आपल्या वादाचा निकाल तीच लावते. रोषणाईवाले आणि रोषणाईविरोधी, दोघांचंही लक्ष पेटीवर आहे. पेटी केव्हा उघडायची, सजवायची किती, आधी उघडली तर पाप लागतं का? भाकर खायची गोष्ट कोणी काढतच नाही. बर्नार्ड यांच्या हिशेबात आगमनकाळ नाताळाच्या तयारीचा राहत नाही. जे ऐकलं ते पोटात जाऊन अंगी लागलं का, हे तपासायचा तो काळ होतो.

पण इथेच थांबले तर माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तसाच उरतो. तो म्हणेल, टीचर, आतल्या आत येणं, आतल्या आत खाणं, हे सगळं ठीक. पण बाहेर माणसं मरतायत त्याचं काय? हा आक्षेप त्याचा एकट्याचा नाही. इतिहासात फार मोठ्या माणसांनी तो घेतलेला आहे. 16 एप्रिल 1963 ही तारीख घातलेल्या पत्रात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून आठ धर्मगुरूंना उत्तर दिलं. धर्मगुरूंचा सल्ला काय होता? आंदोलन आवरा, धीर धरा. किंग यांनी लिहिलं की ‘थांबा’ या शब्दाचा अर्थ आजवर जवळजवळ नेहमीच ‘कधीच नाही’ असा निघाला आहे. आपल्याला तर इतक्या लांब जायची गरजच नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पाण्याला हात लावायची सोय नव्हती. लोक वाट पाहत राहिले असते तर किती वर्षं पाहिली असती? 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, तेव्हा वाट पाहणं संपलं. आणि त्यावर तळ्याचं शुद्धीकरण करणाऱ्यांनी धर्माचंच नाव घेतलं होतं. तेव्हा ‘वाट पाहा’ हा शब्द धर्माच्या तोंडून आला की ज्यांनी सोसलं आहे त्यांचे कान टवकारतात, ते योग्यच आहे. माझ्याच धर्मातल्या लोकांनी हा शब्द उपाशी माणसाला, मार खाणाऱ्या बाईला, वेठीला धरलेल्या मजुराला ऐकवला आहे. ते मी नाकारणार नाही.

याहून अवघड कबुली पुढे आहे. खुद्द बर्नार्ड. 31 मार्च 1146 ला फ्रान्समधल्या वेझले इथे याच माणसाने दुसऱ्या क्रुसेडची, म्हणजे पूर्वेकडच्या मुसलमान सत्तांविरुद्धच्या धर्मयुद्धाची, हाक दिली. त्या वर्षाच्या अखेरीस, नेमक्या आगमनकाळाच्या आठवड्यांत, ते आपल्या मठात नव्हते. ऱ्हाईन नदीच्या काठाने गावोगाव फिरून युद्धासाठी माणसं गोळा करत होते. नाताळात श्पायर शहरात त्यांच्या प्रवचनाने जर्मन राजा तिसरा कॉनराड हलला आणि त्यानेही क्रूस उचलला, म्हणजे मोहिमेवर जायची शपथ घेतली. 1148 मध्ये दमास्कसच्या वेढ्यापाशी ती मोहीम फसली. मधल्या काळात किती मेले त्याची मोजदाद नाही. शांतपणे येणाऱ्या ख्रिस्तावर इतकं सुंदर बोलणारा माणूस त्याच ऋतूत लोकांना तलवार हाती घ्यायला सांगतो! यावर पांघरूण घालणारं लेखन मी वाचलेलं आहे, मला ते पटत नाही. त्याच प्रवासात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तीही नोंदवायला हवी. राडुल्फ नावाचा त्यांच्याच संघाचा एक संन्यासी ऱ्हाईनच्या प्रदेशात ज्यूंची कत्तल करा म्हणून लोकांना चिथावत होता. बर्नार्ड यांनी त्याला गाठून गप्प केलं आणि मठात परत धाडलं. ज्यू बखरकाराने त्यांचे हे उपकार लिहून ठेवले आहेत. एकाने दुसरं पुसलं जात नाही. पण यातून एक दिसतं: मठातलं चिंतन माणसाला निष्क्रिय करतं, हा आरोप निदान या माणसावर टिकत नाही. त्यांचा दोष उलटा होता. ते फार लवकर निघाले, आणि भलत्या हाकेला ओ देऊन निघाले.

आणि म्हणून मला त्यांचं दुसरं लेखन जास्त महत्त्वाचं वाटतं, जे त्यांनी तरुणपणी केलं. आजारपणामुळे मठाचा दिनक्रम पाळणं जमत नव्हतं, तेव्हा मिळालेल्या सवडीत त्यांनी येशूची आई मरिया हिच्यावर चार प्रवचनं लिहिली. लूककृत शुभवर्तमानातला प्रसंग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नाझरेथच्या मुलीकडे गब्रिएल देवदूत येतो, तुला मूल होईल म्हणतो, ती प्रश्न विचारते, तो उत्तर देतो, आणि ती होकार देते. लूकच्या लिखाणात देवदूताचं उत्तर आणि तिचा होकार यांच्यामध्ये काहीच नाही, एक वाक्य संपतं आणि दुसरं सुरू होतं. बर्नार्ड त्या फटीत जाऊन उभे राहतात. देवदूत बोलून झालाय, ती अजून बोललेली नाही. आणि त्या एका क्षणात ते सगळं जग आणून उभं करतात. देवदूत तुझ्या उत्तरासाठी ताटकळतोय, ते म्हणतात. रडणारा आदाम तुझ्या उत्तरासाठी थांबलाय, अब्राहाम थांबलाय, दावीद थांबलाय, मृत्यूच्या छायेतले सगळे पूर्वज थांबलेत. सारं जग तुझ्या गुडघ्यांशी पडून आहे. खुद्द राजाही तुझा शब्द ऐकायला आतुर आहे. उशीर का? भीती कसली? ज्याची सगळी राष्ट्रं आस धरून आहेत तो दाराबाहेर उभा राहून ठोठावतोय. ऊठ, धाव, दार उघड! आजही 20 डिसेंबरच्या प्रार्थनाविधीत हा उतारा वाचला जातो.

बघा, वाट कोण कोणाची पाहतं आहे. सबंध आगमनकाळभर आपण म्हणत राहतो की आम्ही देवाची वाट पाहतो. इथे देव एका खेड्यातल्या पोरीच्या तोंडाकडे पाहत उभा आहे. ती ‘नाही’ म्हणू शकते, नाहीतर एवढ्या विनवण्यांना अर्थच काय होता? मरियेच्या ‘दासी’ या शब्दाचा आधार घेऊन बायकांना मान खाली घालायला शिकवणाऱ्यांनी हा उतारा नीट वाचावा, असं मला एक बाई म्हणून फार वाटतं. ज्या दासीच्या संमतीसाठी राजा दाराशी थांबतो, ती दासी कसली?

मराठी माणसाला हे चित्र अगदीच परकं नसावं. अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेला देव आपल्याला ठाऊक आहे. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, देव दाराशी आला, त्याने वीट भिरकावली आणि म्हणाला, थांब. दोन्ही कथांचा अर्थ एक आहे असं मी म्हणत नाही. पंढरपूरच्या कथेत हातातलं काम इतकं मोठं आहे की देवाने थांबावं. नाझरेथच्या कथेत देवाचंच काम एका माणसाच्या शब्दावर अडलं आहे. पण दोन्हीकडे ताटकळतो तो देव, आणि दोन्हीकडे माणूस रिकामा बसलेला नाही.

यावर एक गंभीर आक्षेप ख्रिस्ती विचाराच्या आतूनच येतो, आणि तो मी टाळू शकत नाही. नोव्हेंबर 1943 मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून जर्मन प्रोटेस्टंट पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी मित्राला लिहिलं होतं की तुरुंगाची कोठडी आगमनकाळाशी चांगली जुळते: माणूस आशा धरतो, हे करतो, ते करतो, पण दार बंद आहे आणि ते फक्त बाहेरूनच उघडता येतं. बर्नार्ड म्हणतात, दार आतून उघड. बोनहोफर म्हणतात, आतून उघडत नाही. मग खरं कोणतं? मला वाटतं, कोण कुठल्या दाराशी उभा आहे त्यावर ते अवलंबून आहे. कोठडीतल्या माणसाला ‘ऊठ, धाव, उघड’ म्हणणं ही क्रूर थट्टा होईल. आणि ज्याच्या हातात कडी आहे त्याने ‘दार बाहेरूनच उघडतं’ म्हणत बसून राहणं हा अपराध होईल. किंग यांना ज्यांनी थांबायला सांगितलं त्यांची चूक हीच होती. कडी त्यांच्या हाती होती आणि ते कैद्याची भाषा बोलत होते. बोनहोफर मात्र कैदी असताना तसं बोलले, आणि कैदी झाले ते हिटलरविरोधी कटात सामील झाल्यामुळे. पुढच्या वर्षी त्याच तुरुंगात येशूसंघीय धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प हातात बेड्या असताना आगमनकाळावर लिहीत होते. 8 डिसेंबर 1944 ला त्यांनी तिथेच आपली अखेरची व्रतं घेतली, 2 फेब्रुवारी 1945 ला त्यांना फाशी झाली. वाट पाहण्याबद्दल इतकं उत्कट लिहिणाऱ्या या दोघांपैकी एकही जण हात बांधून बसलेला नव्हता. बांधले होते ते दुसऱ्यांनी. क्लेर्व्होच्या मठाचाही पुढे तुरुंग झाला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तो 2023 पर्यंत चालू होता. जिथे बर्नार्ड आपल्या संन्याशांना येणाऱ्याबद्दल सांगायचे, तिथे दोनशे वर्षं माणसांनी बाहेरून उघडणाऱ्या दाराकडे पाहत दिवस काढले.

राहता राहिली रोषणाई. माझं मत विचाराल तर 17 डिसेंबरला लावावी. त्या दिवसापासून सायंप्रार्थनेत ‘ये’ असं म्हणणारी सात प्राचीन आवाहनं सुरू होतात, स्वरच बदलतो, तेव्हा दिवेही बदललेले बरे. पण कोणी 1 तारखेला लावली म्हणून मी भांडायला जाणार नाही. गेल्या वर्षी हात वर केला तेव्हा मला हे एवढं स्पष्ट दिसलेलं नव्हतं.

त्या मुलाला मात्र मला सांगायचं आहे. तू म्हणालास ते बरोबर होतं, तुझ्या कामात वाट पाहायला लावली की माणूस जातो. पण तू स्वतःला चुकीच्या रांगेत उभं केलंस. तुला वाटलं, आम्ही तुला आदाम-अब्राहामांच्या रांगेत उभं राहून धीर धरायला सांगतोय. त्या रांगेत कोण असतं ते तू रोज पाहतोस: तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली बायको, गल्लीच्या टोकाला टॉर्च घेऊन थांबलेला मुलगा, खाटेवरचा तो माणूस. त्यांचं दार बाहेरूनच उघडणार आहे. तू उभा आहेस ते त्या फटीत, जिथे बोलणाऱ्याचं बोलून झालंय आणि उत्तर अजून आलेलं नाही. रात्री दोनला, क्लेर्व्होचे संन्यासी ज्या वेळी उठायचे साधारण त्याच वेळी, तुझा फोन वाजतो. पलीकडे कोणीतरी घाबऱ्या आवाजात पत्ता सांगतं आणि मग श्वास रोखून थांबतं. आणि तू, अजून डोळे नीट उघडलेले नसताना, म्हणतोस, “निघालो.”